शनिवारची मंडळी

पहाटे 5
चहाचं आधण चढलं की आम्ही चौघं स्वयंपाकघरातच प्रार्थनेला बसतो. आज धाकटीची पाळी. तिनं पवित्र शास्त्रातला उतारा अडखळत वाचला, ह्यांनी थोडक्यात प्रार्थना केली: थोरलीची परीक्षा, गावाकडचा पाणीप्रश्न आणि दवाखान्यात असलेल्या मावशी. मावशी आमच्या रक्ताच्या नात्यातल्या नाहीत. पण हिंगोलीत आमचं नातं त्यांच्यापासूनच सुरू होतं.

सकाळी 6.30
औंढा रस्त्यानं स्कूटीवर शाळेकडे. मार्चअखेर म्हणजे हळदीचा हंगाम. शेतोशेती हळद शिजतेय, वाळवणं पडलीत, वास थेट नाकात शिरतो. शनिवारची सकाळची शाळा, त्यामुळे घाई.

आम्ही मूळचे नगरकडचे. 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशननं तिथे बस्तान बसवलं आणि शाळा काढल्या. त्या शाळांमधून शिकलेल्या घरांत पुढे पिढ्यान्‌पिढ्या शिक्षक नाहीतर परिचारिका होण्याची रीत पडली. माझी आजी शिक्षिका, आई शिक्षिका, मीही तेच. नोकरी पोटाला देते, पण भावकीपासून तोडते. हिंगोलीत आलो तेव्हा सणावाराला दार वाजवणारं कोणी नव्हतं. लेकीचं नाव ऐकून आमच्या मुख्याध्यापकांनीच सांगितलं, “बाई, तुमच्या लोकांची उपासना भरते की इथं. गेला नाहीत का?”

दुपारी 12.30
शाळा सुटली. घरी येऊन मावशींचा डबा भरला: मुगाचं वरण, मऊ भात, ज्वारीची पातळ भाकरी. डब्याच्या पाळ्या मंडळीनं, म्हणजे इथल्या उपासनेला जमणाऱ्या आमच्या लोकांनी, लावून दिल्यात; शनिवार आमचा. घरात धान्याचा एक वेगळा डबाही आहे. स्वयंपाकाला बसताना त्यात मूठभर तांदूळ टाकायचे, महिनाअखेर तो मंडळीत न्यायचा. ज्या घरी नड असेल, तिथे तो जातो. कुणाच्या घरी गेला हे पाळकबाईंना ठाऊक. आम्ही विचारत नाही.

वॉर्डात मावशी उठून बसल्या होत्या. त्यांच्या लेकीचा हट्ट, वाशीमला न्यायचं. तिथलं रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय नाझरीन मिशनचं. 1938 मध्ये डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी जुन्या शाळेच्या इमारतीत ते सुरू केलं. मावशींचं लग्नाआधीचं आयुष्य त्याच गावात गेलेलं. “दवाखाना म्हटला की वाशीमच,” असं त्या आजही म्हणतात. सोमवारी गाडी कोणाची, सोबत कोण आणि रात्री थांबायचं कोणी, हे तिथल्या तिथे ठरलं. ह्यांनी रात्र घेतली.

दुपारी 3.30
प्रार्थनागृहाची झाडलोट. पत्र्याचा हॉल, पंखे तीन, त्यातला एक मनात आलं तर फिरणारा. पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर मी कोपऱ्यात अवघडून उभी होते. मावशी आल्या, सलाम केला आणि म्हणाल्या, “शनिवारी साडेतीनला या. चटया झटकायच्यात.” कुठून आलात, पंथ कोणता, पगार किती, काही नाही. त्या शनिवारी धुळीनं माखलेल्या सहा-सात बायांशी माझी जी ओळख झाली, ती वर्षभर शेजारी बसून झाली नसती. सहानुभूती मिळाली असती तर मी आभार मानून घरी गेले असते. काम मिळालं, म्हणून परत यावं लागलं.

उद्या झावळ्यांचा रविवार. पोरं ओढ्याकाठून शिंदीच्या झावळ्या घेऊन आली. काटे छाटून, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. नाहीतर सकाळपर्यंत सुकतात.

संध्याकाळी 5.30
गाण्यांचा सराव. पेटी, ढोलकी, झांजा. मंडळीत कोणी नाझरीन, कोणी मेथडिस्ट, आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. उपासनेच्या रीतीवरून कधी खटके उडतात. टिळकांचं भजन लागलं की मात्र सगळे एका सुरात. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंगाची, भजनाची वाट दिली. संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी याच जिल्ह्यात आहे. त्यामुळे आमचा सराव चालू असताना शेजारचे भजनी मंडळातले आजोबा ओट्यावर बसून ताल धरतात, आणि ढोलकीवाला चुकला की तिथूनच ओरडतात.

संध्याकाळी 7.30
घरप्रार्थना, आज हळदीच्या आडतीवर काम करणाऱ्या मंडळीतल्या एका भावाच्या घरी. त्याचे वडील गेल्या महिन्यात गेले. प्रार्थना छोटी, बसणं लांबलचक.

माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा नगरहून माणसं पोचायला रात्र उलटली असती. कबर खोदली ती मंडळीतल्या पोरांनी. पेटी करणारा सुतार मुसलमान शेजाऱ्यानं उठवून आणला. कडू घास म्हणून पिठलं-भाकरी आली ती मावशींकडून आणि समोरच्या बौद्ध कुटुंबाकडून. मुलींनी त्या दिवसापासून मावशींना आजी म्हणायला सुरुवात केली.

चहा होता होता दुसरे विषय निघतात. कुणाच्या मुलाला जालन्याचं स्थळ आलंय. जुळलं तर लग्नाची जाहिरात इथल्या उपासनेत वाचली जाईल. एका घरात सून रुसून माहेरी गेलीय. पाळक आणि मी बुधवारी जाणार आहोत. मंडळीत खासगी फार काही राहत नाही, याचा कधी त्रासही होतो. रात्री दोनला फोन करताना तोच त्रास उपयोगी पडतो.

रात्री 9.30
भांडी घासत होते तेवढ्यात पाळकांचा फोन. जिल्हा रुग्णालयात नवी परिचारिका रुजू झालीय, लहान मुलगा सोबत, नवरा पुण्यात. उद्या पहिल्यांदाच येणार आहे.

“तिला पुढे बसवू या का, बाई? ओळख करून देऊ, स्वागत करू.”

“स्वागत नंतर,” मी म्हटलं. “झावळ्या वाटायला तिला दारात उभं करा. पोरगं गोणपाट सांभाळेल. आणि मंगळवारच्या डब्याला अजून नाव नाहीये, ते मी तिला विचारते.”