डायनामो काढून अल्टरनेटर
(इयत्ता चौथी)



ट्रॅक्टर हे शेतकऱ्याचे फार उपयोगी वाहन आहे. त्याने नांगरट होते, पेरणी होते, ऊस कारखान्यावर नेता येतो. ट्रॅक्टर डिझेलवर चालतो हे सर्वांना माहीत आहे. पण त्याचे दिवे, हॉर्न आणि सेल्फ विजेवर चालतात. ही वीज खांबावरून येत नाही. ट्रॅक्टर ती स्वतःच तयार करतो. आमचा ट्रॅक्टर आजोबांच्या वेळचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याचा डायनामो काढून अल्टरनेटर बसवला. मिस्त्री काम करत होते आणि मी शेजारी बसून विचारत होते. ती माहिती मी येथे लिहिते.

वीज कशी तयार होते? इंग्लंडमधील शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली एक शोध लावला. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला की तारेत वीज येते. चुंबक जागेवर ठेवून वेटोळे फिरवले तरी चालते. डायनामो आणि अल्टरनेटर दोन्ही याच शोधावर चालतात. इंजिनाच्या बेल्टने ते फिरतात.

तयार झालेली वीज बॅटरीत साठते. बॅटरी म्हणजे घरातला रांजण समजा. दिवे, हॉर्न, सेल्फ हे त्यातून पाणी घेणारे. डायनामो म्हणजे रांजण भरणारा. भरणारा हळू आणि घेणारे जास्त झाले की रांजण रिकामा होतो. त्यालाच बॅटरी उतरली असे म्हणतात.

डायनामोत वेटोळे फिरते आणि चुंबक जागेवर असतो. फिरत्या वेटोळ्यातून सगळी वीज कार्बनच्या दोन तुकड्यांमधून बाहेर काढावी लागते. कार्बन घासतात, ठिणग्या पडतात, झिजले की बदलावे लागतात. दुसरे म्हणजे इंजिन हळू चालले की डायनामो बॅटरी भरतच नाही. पूर्वी सायकलला डायनामो असे, तेव्हा जोरात पायडल मारले की दिवा मोठा आणि हळू झाले की बारीक होई. तसेच हे. आणखी एक गंमत आहे. डायनामो हळू झाला की बॅटरीतली वीज उलटी त्याच्यातच जाऊ बघते. म्हणून मध्ये कटाऊट नावाची पेटी असते. ती दारासारखे काम करते. वीज येत असली की दार उघडे, नाहीतर बंद.

अल्टरनेटरमध्ये उलटे असते. चुंबक फिरतो आणि वीज देणारी वेटोळी जागेवर असतात. त्यालाही कार्बन असतात पण त्यांच्यातून थोडीच वीज जाते, म्हणून ते पुष्कळ दिवस टिकतात. तो जास्त वेगाने फिरू शकतो आणि इंजिन हळू असले तरी वीज देतो. त्याची वीज उलटसुलट वाहणारी असते. ती बॅटरीला चालत नाही. म्हणून आत डायोड बसवलेले असतात. डायोड वीज एकाच बाजूला जाऊ देतो, त्यामुळे कटाऊट लागत नाही. असे डायोड स्वस्त झाले तेव्हा अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० साली आपल्या व्हॅलिअंट मोटारीला अल्टरनेटर बसवला. पुढे सगळ्याच गाड्यांना तो आला.

आता हिशेब पाहू. आमच्या जुन्या डायनामोवर १२ व्होल्ट ११ अँपिअर लिहिले होते. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट येतात. १२ × ११ = १३२ वॅट. पुढचे दोन दिवे ४५ वॅटचे, म्हणजे ९०. मागचे दोन लाल दिवे ५ वॅटचे, म्हणजे १०. नांगरटीचा मागचा मोठा दिवा ३५. एकूण १३५ वॅट झाले. डायनामो पूर्ण जोरात चालला तरी ३ वॅट कमीच पडतात. मग बॅटरी कशी भरणार? नवीन अल्टरनेटरवर १२ व्होल्ट ३६ अँपिअर आहे. १२ × ३६ = ४३२ वॅट. सगळे दिवे लावूनही बॅटरीला पुष्कळ उरते.

मिस्त्रींनी काम असे केले.

१) पहिल्यांदा बॅटरीची वायर सोडली. ते म्हणले, "पोरी, आधी वायर सोडायची, मगच हात लावायचा."

२) बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे ते पाहिले. जुन्या काही गाड्यांत अधिक टोक बॉडीला असे. अल्टरनेटरला वजा टोक बॉडीला लागते. उलटे जोडले की डायोड लगेच जळतात.

३) अल्टरनेटरची पुली बेल्टच्या सरळ रेषेत आणली. बेल्ट अंगठ्याने दाबला की थोडासा दबावा, फार सैल नको आणि फार ताठ नको.

४) कटाऊटची पेटी काढली आणि अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाड वायर टाकली. बारीक वायर तापते. प्रत्येक दिव्याच्या वायरला फ्यूज लावला.

५) समोर चार्जिंगचा छोटा लाल दिवा लावला. चावी फिरवली की तो लागतो आणि इंजिन चालू झाले की विझतो. चालू असताना लागला तर चार्जिंग होत नाही असे समजावे.

६) शेवटी मीटर लावला. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट होते, चालू केल्यावर १४ झाले.

चालू इंजिनात बॅटरीची वायर कधीच काढू नये, अल्टरनेटर जळतो. ट्रॅक्टरला वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडाव्यात. बॅटरीजवळ काडी ओढू नये, कारण तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. आपण लहान मुलांनी तिच्या पाण्याला हात लावू नये, त्यात आम्ल असते.

आपल्या कर्जत तालुक्यात भीमेच्या आणि कुकडी कालव्याच्या पाण्यावर ऊस होतो. हंगामात ट्रॉल्या रात्रभर रस्त्याने जातात. कारखान्यावर नंबरला तासन्‌तास थांबावे लागते. तिथे इंजिन हळू चालते आणि दिवे चालू असतात. मागच्या वर्षीपर्यंत आमची बॅटरी तिथेच उतरायची. मग आण्णा ट्रॅक्टर उतारावर उभा करायचे आणि ढकलून चालू करायचे. बॅटरी वाचवायला मागचे दिवे बंद ठेवायचे. आण्णा घरी येईस्तोवर आजी जागीच असायची. अंधारात उसाची ट्रॉली काळी दिसते. मागून मोटारसायकलवाला आला तर त्याला ती जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि मग ब्रेक लागत नाही.

या हंगामात आमचे मागचे दोन्ही दिवे रात्रभर चालू असतात. ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टरही लावले आहेत. कारण दिव्याची वायर तुटली तरी रिफ्लेक्टर चमकतो.

सर्व पालकांना माझी विनंती आहे. मागचा दिवा चालवणाऱ्याला दिसत नाही, तो मागून येणाऱ्यासाठी असतो. म्हणून आज संध्याकाळी ट्रॅक्टर चालू करा, दिवे लावा आणि खाली उतरून ट्रॉलीच्या मागे जाऊन एकदा बघा.