जुन्या फॉन्टमधली देवगिरी

दौलताबादवरचे (म्हणजे पूर्वीच्या देवगिरीवरचे) जुने मराठी पुस्तक ई-बुक करताना अक्षरे विस्कटली, तर दोष बहुधा मांडणीचा नसून साठवणीचा असतो. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये ‘देवगिरी’तली ऱ्हस्व वेलांटी ‘ग’च्या आधी साठवली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. म्हणून रूपांतरित संहितेतले रफार, जोडाक्षरे आणि ‘दऱ्या’तला अर्धा र मुद्रितशोधकाने पुन्हा तपासलाच पाहिजे. पीडीएफ केली की प्रश्न मिटतो, असे म्हणतात. पान जसेच्या तसे दिसते हे खरे, आणि नकाशांच्या पुस्तकाला ती सोय रास्तही आहे. पण मोबाइलवर ओळी पडद्याप्रमाणे वळत नाहीत, आणि जुना फॉन्ट तसाच राहिला तर ‘देवगिरी’ शोधूनही सापडत नाही.

खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्वतः पुस्तक काढणाऱ्याला मुद्रितशोधकाचे मानधन जड जाते. तरी मुखपृष्ठाआधी ते द्यावे. नकलांमधून मजकूर बिघडतो, हे जुनेच दुखणे. दौलताबादचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांचे शिष्य एकनाथ यांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती याच कारणाने. शीर्षकांच्या शैली, परिच्छेदांतले अंतर, अनुक्रमणिकेचे दुवे ही कामे संहिता शुद्ध झाल्यावर हाती घ्यावीत. आधी केली तर ती पुन्हा करावी लागतात.