हॉट रॉड मोटारींवरील जुन्या धाटणीचे ड्रॅग टायर : रूप, रचना आणि रस्त्यावरील वापर

प्रस्तावना :
मोटारगाडीचे धावणे, वळणे आणि थांबणे या तिन्ही क्रिया चार लहानशा जागांवर अवलंबून असतात. टायर रस्त्याला जेथे टेकतो ती प्रत्येक जागा सामान्य मोटारीत जेमतेम तळहाताएवढी असते. असे असूनही टायरची निवड पुष्कळदा दिसण्यावरून केली जाते. अमेरिकेतील 'हॉट रॉड' मोटारी हे याचे ठळक उदाहरण होय. १९५० व १९६० च्या दशकांतील शर्यतीच्या टायरसारखे दिसणारे टायर लावून या मोटारी आजही सार्वजनिक रस्त्यांवर चालविल्या जातात. हे टायर मुळात कशासाठी घडले, रस्त्यावर ते कसे वागतात आणि ते वापरताना कोणती दक्षता आवश्यक ठरते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
जुन्या मोटारीचे अनावश्यक भाग काढून तिला हलके करावयाचे आणि इंजिनाची शक्ती वाढवावयाची, ही हॉट रॉडची मूळ कल्पना. फोर्ड कंपनीची १९३२ ची व्ही-८ मोटार या कामासाठी विशेष लोकप्रिय ठरली. दक्षिण कॅलिफोर्नियातील म्युरॉक, एल मिराज यांसारख्या कोरड्या सरोवरांच्या पात्रांत तरुण आपल्या गाड्यांचा वेग आजमावीत. दुसऱ्या महायुद्धानंतर या हौसेला ड्रॅग शर्यतीचे रूप आले. थांबलेल्या अवस्थेतून सुटून सरळ मार्गावर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, अंतर कमीत कमी वेळात कापणे हे या शर्यतीचे पारंपरिक स्वरूप. रस्त्यांवरील धोकादायक चढाओढीला शिस्त लावण्यासाठी वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन'ची स्थापना केली.

या शर्यतीत मागची चाके जागीच फिरून वेळ वाया जाऊ नये, ही मुख्य अडचण होती. तिच्यावरील उपाय म्हणजे 'स्लिक', अर्थात खाचा नसलेला रुंद, गुळगुळीत टायर. आरंभीचे अनेक स्लिक जुन्या टायरवर नवे रबर चढवून, आपल्याकडील रिमोल्ड टायरप्रमाणे तयार केलेले असत. पुढे मॅसॅच्युसेट्समधील हॅरी व मार्विन रिफ्किन या पितापुत्रांच्या 'एम अँड एच' कंपनीने १९५० च्या दशकात खास ड्रॅग शर्यतीसाठी टायर घडविले. त्या काळातील काही टायरच्या कडेला करंजीच्या मुरडीसारखी नक्षी असे. 'पाय' या पदार्थाच्या कडेशी असलेल्या साम्यामुळे त्यांना 'पायक्रस्ट' हे नाव मिळाले. तसेच, शर्यतीच्या काही वर्गांत टायरवर खाचा असणे बंधनकारक होते. तेव्हा स्लिकवरच मोजक्या, उथळ खाचा पाडून नियमाची पूर्तता करण्यात येई. अशा टायरला 'चीटर स्लिक' म्हणू लागले. आज रस्त्यावर दिसणारे जुन्या धाटणीचे टायर प्रामुख्याने याच वंशातील आहेत. टेनेसी राज्यात १९५८ मध्ये सुरू झालेल्या 'कोकर टायर'सारख्या कंपन्या त्यांच्या प्रतिकृती तयार करतात.

टायरची रचना व कार्य :
या टायरचे गुण व दोष एकाच रचनेतून निर्माण होतात. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे बायस प्लाय, टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदून बसविलेले असतात. रेडियल टायरमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि त्यांवर पोलादी पट्टे असतात. त्यामुळे रेडियलची बाजू दबली तरी रस्त्याला टेकणारा भाग सपाट राहतो. बायस टायरमध्ये मात्र बाजू दबली की टेकणारा भागही सोबत हलतो. शर्यतीच्या स्लिकची बाजू मुद्दाम मऊ ठेवलेली असते. गाडी सुटताना ती चुरगळते, इंजिनाचा एकदम आलेला जोर पचविते आणि टेकण्याची जागा लांबट करते. त्यातच मऊ रबर जागेवर चाके फिरवून तापविले की पकड आणखी वाढते.

सरळ, कोरड्या आणि ४०२ मीटरच्या मार्गावर हे सर्व गुणच आहेत. सार्वजनिक रस्त्यावर परिस्थिती पालटते. वळणावर तीच मऊ बाजू कलते व गाडीचा मागचा भाग डोलल्यासारखा वाटतो. रस्त्यातील लांबट चरांमागे टायर ओढला जातो. नायलॉन धाग्यांचा टायर बराच काळ उभा राहिल्यास खालून चपटा होतो आणि पहिले काही किलोमीटर गाडी हादरत चालते. मऊ रबर लवकर झिजते, ते वेगळेच.

ओला रस्ता आणि ब्रेक :
सर्वांत गंभीर प्रश्न पावसाचा आहे. टायरवरील खाचांचे मुख्य काम पाणी बाहेर काढणे हे असते. पाणी निघून गेले नाही तर टायर त्यावर तरंगू लागतो. अमेरिकेतील 'नासा' या संस्थेच्या १९६० च्या दशकातील संशोधनातून यासाठी एक सोपे सूत्र मिळाले. टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमुळाला १०.३५ ने गुणले असता, टायर ज्या वेगाला तरंगू लागतो तो वेग ताशी मैलांत मिळतो. गुळगुळीत टायर किंवा खाचांपेक्षा खोल पाणी असल्यास हे सूत्र लागू पडते. दर चौरस इंचाला ३० पौंड दाब असल्यास हा वेग ताशी सुमारे ९१ किलोमीटर येतो. शर्यतीच्या सवयीने दाब २० पौंडांवर आणला, तर तो सुमारे ७५ किलोमीटरवर घसरतो. म्हणजे महामार्गावरील नेहमीच्या वेगापेक्षा तो बराच कमी आहे.

हॉट रॉडची पारंपरिक ठेवण हा धोका वाढविते. पुढे अरुंद आणि मागे रुंद टायर असल्याने पुढची चाके पाणी कापतात, तर मागची आधी तरंगतात. मागची पकड आधी सुटली की गाडी स्वतःभोवती फिरते. मागच्या रुंद टायरमुळे गाडी लवकर थांबेल, हा समजही चुकीचा आहे. ब्रेक दाबताच भार पुढे सरकतो, त्यामुळे थांबण्याचे बहुतेक काम पुढच्या अरुंद टायरवर पडते.

निवड व दक्षता :
१) टायरवरील मजकूर प्रथम वाचावा. 'केवळ शर्यतीसाठी' असा उल्लेख असलेला टायर रस्त्यावर वापरू नये. 'डीओटी' ही अक्षरे १९६८ पासून लागू झालेल्या संघीय मानकांची पूर्तता दर्शवितात. मात्र ही मानके मजबुती व टिकाऊपणा तपासतात. ओल्या रस्त्यावरील पकड मोजत नाहीत.
२) २००० सालापासून डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. १९६० च्या दशकातील मूळ टायर नवा दिसला तरी त्याचे रबर कडक झालेले असते. तो संग्रहातच शोभतो.
३) पुढे रेडियल व मागे बायस अशी सरमिसळ टाळावी. वळणावर मागचा भाग बाहेर निसटण्याची प्रवृत्ती त्यामुळे वाढते.
४) रिमची रुंदी व हवेचा दाब निर्मात्याने सांगितल्याप्रमाणेच ठेवावा.
५) मागच्या टायरचा व्यास वाढल्यास वेगमापक कमी वेग दाखवितो. २६ इंचांऐवजी ३० इंची टायर बसविल्यास, ६० मैल दाखविताना प्रत्यक्ष वेग सुमारे ६९ मैल असतो.

समारोप :
जुना चीटर स्लिक हा रस्त्याच्या टायरचे सोंग घेतलेला शर्यतीचा टायर होता. आजच्या प्रतिकृतींपैकी अनेक याच्या उलट, शर्यतीच्या टायरचे सोंग घेतलेले रस्त्याचे टायर आहेत. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, परंतु त्यांच्याकडून ठेवावयाच्या अपेक्षा भिन्न आहेत. आपल्या गाडीखाली यांपैकी कोणता टायर आहे हे ज्याला माहीत आहे, तो कोरड्या दिवशी, बेताच्या वेगाने एका कालखंडाची आठवण सुखाने रस्त्यावर आणू शकतो. ज्याला ते माहीत नाही, त्याला त्याचे उत्तर पहिल्या पावसात मिळते, आणि त्याची किंमत रस्त्यावरील इतरांनाही मोजावी लागू शकते.