प्रवास पेढीचा, पैसा कोणाचा?

देवनारच्या वि. ना. पुरव मार्गावर टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. 1936 साली स्थापन झालेली ही संस्था 1954 पासून याच परिसरात आहे. मनुष्यबळ व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन येथून बाहेर पडणाऱ्यांपैकी अनेकजण पुढे मोठमोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी नियम लिहिण्याचे काम करतात. त्याच मार्गाने थोडे पुढे गेले की अणुशक्तिनगर लागते. तेथील अणुसंशोधन केंद्राचे कर्मचारी केंद्र सरकारचे नोकर असल्यामुळे त्यांना सरकारी प्रवासभत्त्याचे नियम लागू होतात. थोडक्यात, नियम लिहायला शिकणारे आणि लिखित नियमानुसार फिरतीवर जाणारे, असे दोन्ही वर्ग एकाच रस्त्यावर नांदतात.

आपल्या व्यापारी पेढ्यांत मात्र असा कागद क्वचितच आढळतो. वीस-पंचवीस माणसांच्या पेढीत प्रवासाचे धोरण म्हणजे शेठजींची त्या दिवशीची मर्जी. एखादा तरुण वसुलीसाठी सांगली, कोल्हापूर, सोलापूर असा चार दिवसांचा फेरा करतो. गाडीभाडे, खोली, रिक्षा, जेवण मिळून सात-आठ हजार रुपये त्याच्या खिशातून जातात. परतल्यावर तो पावत्या मुनीमजींकडे देतो. त्यातली एखादी नाकारली जाते, उरलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या पगारात मिळते. ज्याचा पगारच वीस-बावीस हजार आहे, त्याने पेढीला महिनाभर बिनव्याजी दिलेले हे कर्जच नव्हे काय? आणि ते देतो तो पेढीतला सर्वांत कमी पगाराचा माणूस. शेठजींचे विमानाचे तिकीट तर कार्यालयातूनच काढलेले असते.

म्हणून धोरण लिहायला बसताना पहिला प्रश्न वर्गवारीचा नसावा, उचलीचा असावा. निघण्यापूर्वी अंदाजे खर्चाची रक्कम हाती द्यावी, तिकीट व खोली शक्यतो पेढीनेच आरक्षित करावी, आणि परतल्यावर किती दिवसांत हिशेब द्यायचा व किती दिवसांत तो चुकता करायचा, या दोन्ही मुदती लिहाव्यात. बहुतेक ठिकाणी पहिलीच मुदत लिहिली जाते. दुसरी लिहायला सोयीस्करपणे विसरतात.

या बाबतीत सरकारी नियम वाचण्यासारखे आहेत. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै 2017 पासून केंद्र सरकारने जेवणाची बिले मागणेच बंद केले. पदाच्या स्तरानुसार दिवसाला 500 ते 1200 रुपयांची ठोक रक्कम ठरवली गेली. मुख्यालयापासून सहा तासांपेक्षा कमी काळ दूर असल्यास तिच्यातील 30 टक्के, सहा ते बारा तास असल्यास 70 टक्के, आणि त्याहून अधिक असल्यास पूर्ण रक्कम, असे साधे गणित. खालच्या आठ स्तरांतील कर्मचाऱ्याने कोठे व किती दिवस मुक्काम केला हे स्वतःच्या सहीने लिहून दिले, की मर्यादेत बसणारे खोलीभाडेही पावतीविना मिळते. फक्त मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वाढीव भाडे हवे असेल, तर पावती लागते. कागदपत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या सरकारने कनिष्ठ नोकराच्या शब्दावर इतका विश्वास ठेवावा, आणि चहाच्या वीस रुपयांची चिठ्ठी मात्र पेढीने मागावी, हे विचित्रच.

अर्थात त्या तक्त्यातले सारेच उचलण्याजोगे नाही. सर्वांत वरच्या स्तरासाठी खोलीभाड्याची मर्यादा 7500 रुपये आणि सर्वांत खालच्यासाठी 450 रुपये ठेवली गेली, म्हणजे जवळजवळ सतरापट अंतर! महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की या मर्यादा 25 टक्क्यांनी वाढतात. तरीही एवढ्यात स्वच्छ खोली कोठे मिळणार? पेढीने पदानुसार गाडीचा वर्ग बदलला तर बदलावा. दाराला नीट कडी आणि स्वच्छ स्नानगृह असलेली खोली मात्र सर्वांना एकच असावी.

ठोक भत्त्याचा आणखी एक लाभ आपल्या घरांना लगेच उमजेल. कंदमुळे वर्ज्य मानणारा, सूर्यास्तानंतर न जेवणारा तरुण फिरतीवर घरून खाखरे, सुकी भाजी, लाडू घेऊन निघतो. त्याचे बिल कोण देणार? बिलावर आधारलेल्या पद्धतीत हॉटेलात जेवणाऱ्याला पैसे मिळतात आणि नियम पाळणाऱ्याच्या हाती काहीच येत नाही. ठोक रकमेत हा भेद उरत नाही. चौविहार पाळणाऱ्याची व्यापारी बैठक हिवाळ्यात सायंकाळी सहापर्यंत लांबली, तर त्या दिवसाचे जेवण हुकलेच. तेव्हा फेऱ्याचे वेळापत्रक आखतानाच विचारणा व्हावी. पूर्ण जेवण देणाऱ्या विमान कंपन्यांत जैन आहारासाठी ‘व्हीजेएमएल’ हा स्वतंत्र संकेत असतो, पण तो आधी नोंदवावा लागतो. तिकीट काढणाऱ्या कारकुनाजवळ कर्मचाऱ्यांची अशी नोंद असली, की काम भागते. ही सोय केवळ जैन कर्मचाऱ्यांपुरती नको. रोजा असणाऱ्यालाही तीच मुभा असावी.

कराचा विषय सनदी लेखापालांवर सोपवावा. एवढे लक्षात असावे की एका दिवसात एकाच व्यक्तीला 10,000 रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च सामान्यतः आयकरात मान्य होत नाही.

पैशापेक्षा मोठी गोष्ट रात्रीची. नोव्हेंबर 2007 मध्ये पुण्यात रात्रपाळीसाठी निघालेल्या एका तरुण कर्मचारी मुलीला न्यायला आलेल्या कंत्राटी गाडीच्या चालकाने व त्याच्या साथीदाराने तिच्यावर अत्याचार करून गहुंजे गावाजवळ तिचा खून केला. ती गाडी कंपनीच्या व्यवस्थेतली होती. दूरच्या कोणा अनोळखी वाहनात ती बसली नव्हती. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने कामानिमित्त भेट दिलेली जागा आणि मालकाने पुरवलेले वाहन यांनाही ‘कामाचे ठिकाण’ मानले आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे, तर तिची संमती हवी, सुरक्षिततेची व्यवस्था हवी आणि घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची सोय हवी.

‘दारापर्यंत’ हा शब्द धोरणात जसाच्या तसा यावा. गोवंडी स्थानकावर सोडले म्हणजे देवनारच्या वसाहतीतले घर आले, असे होत नाही. चालकाचे नाव व गाडीचा क्रमांक आधी कळवणे, गाडीत एकटी स्त्री शेवटी उरणार नाही असा मार्ग आखणे, आणि ती घरात शिरल्याचा निरोप येईपर्यंत पेढीतील एका ठरलेल्या माणसाने फोन जवळ ठेवून जागे राहणे, एवढे कलम चार ओळींत मावते. त्या माणसाचे नाव आणि त्याच्या रजेच्या दिवशी कोण, हेही तेथेच लिहावे.