जागेची दलाली आपणांस मानवेल काय?

जागेची दलाली म्हणजे निव्वळ वाक्चातुर्याचा व्यवसाय, असा समज ज्यांनी मनाशी बाळगला असेल त्यांनी तो आरंभीच टाकून द्यावा. कारण २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमान्वये नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका विकून देणाऱ्या मध्यस्थास स्वतःची नोंदणी अनिवार्य असून, कसूर करणाऱ्यास दररोज १० हजार रुपये, आणि एकंदरीत त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत, दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात ही नोंदणी महारेरा या नियामक प्राधिकरणाकडे होते, ५ वर्षे टिकते, आणि तिच्यासाठी आता प्रशिक्षण घेऊन परीक्षेत उत्तीर्ण व्हावे लागते.

परंतु माझ्या मते खरी कसोटी दप्तराची आहे. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात नोंदलेला बोजा किंवा कुळाचा हक्क, फेरफारातील वारसांची नावे, मुखत्यारपत्राची मर्यादा, हे सारे सावकाश वाचण्याची ज्यास गोडी आहे, आणि त्यात दोष आढळल्यास हाती आलेली दलाली सोडूनही तो गिऱ्हाइकास सांगण्याचे ज्यास धैर्य आहे, त्यानेच या वाटेस जावे. कारण समोरचा मनुष्य बहुधा आयुष्याची पुंजी आपल्या शब्दावर सोपवीत असतो.

मेहनताना बहुधा व्यवहार तडीस गेल्यावरच हाती पडतो, आणि कित्येक व्यवहार मोडतात. काही महिन्यांच्या घरखर्चाची तजवीज ज्याच्यापाशी नाही, त्याने प्रथम एखाद्या अनुभवी, नोंदणीकृत मध्यस्थाकडे पगारी उमेदवारी करावी.