आचाऱ्यावाचून स्वयंपाकघर

कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावात रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या भावांचं हॉटेल झकास चाललं होतं. गिऱ्हाईक गाडीतच बसायचं, मुली खाणं गाडीपाशी आणून द्यायच्या. तरी १९४८ साली भावांनी ते काही महिने बंद ठेवलं. विक्रीचा हिशेब मांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं होतं, की बहुतेक गल्ला एकट्या हॅम्बर्गरवर जमतो. पुन्हा दार उघडलं तेव्हा पंचवीसेक पदार्थांतले नऊच उरले होते. बर्गर १५ सेंटला. काचेच्या बशा गेल्या, कागद आला. खाणं आणून देणाऱ्या मुलीही गेल्या. आणि आचारी गेला. एकाने नुसत्या टिक्क्या भाजायच्या, दुसऱ्याने पाव भरायचे, तिसऱ्याने बटाटे तळायचे. मोटारीच्या कारखान्यातली कामाची वाटणी भटारखान्यात आली.

मिल्कशेकची यंत्रं विकणारा रे क्रॉक १९५४ मध्ये तिथे पोचला आणि त्याने ही पद्धत शाखाशाखांतून देशभर नेली. १९६१ मध्ये २७ लाख डॉलर देऊन त्याने भावांना मोकळं केलं. पुढे बटाटेही कारखान्यातून सोलून, कापून, गोठवून येऊ लागले.

आता, झटपट खाणं म्हणजे वाईट, असं मला म्हणायचं नाही. दादर स्टेशनबाहेरचा वडापावही मिनिटभरात हातात पडतो. पण भाजी परतणं, पीठ कालवणं, तेलाचा अंदाज हे सारं तिथे कुणालातरी यावंच लागतं. ज्या कामाला असं कसब लागत नाही, ते करणारा माणूस सकाळी गेला तर दुपारी दुसरा आणता येतो. मजुरी वाढवून मागायला त्याच्या हातात काय उरतं?

बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये हिशेब मांडला. अमेरिकेत झटपट खाण्याच्या दुकानांत प्रत्यक्ष राबणाऱ्या ५२ टक्के कामगारांची कुटुंबं कुठल्या ना कुठल्या सरकारी मदतीवर होती, आणि त्यापायी करदात्यांचे वर्षाला सुमारे ७०० कोटी डॉलर जात होते. स्वस्त बर्गरची उरलेली किंमत ही अशी, न खाणाऱ्याच्याही खिशातून.

शरीराचा हिशेबही निघाला. संशोधक केव्हिन हॉल यांच्या २०१९ च्या प्रयोगात वीस जणांना दोन आठवडे कारखानी प्रक्रियेचं आणि दोन आठवडे साधं खाणं दिलं. समोर मांडलेल्या अन्नात उष्मांक, साखर, मीठ, मेद, तंतू जवळपास सारखेच. हवं तेवढं खायची मुभा. कारखानी जेवणावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन बसली आणि वजन किलोभर वाढलं. ती भरभरही खात होती. प्रयोग छोटा आहे, पण ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून जाड माणसाला टोचणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

मजुरीचा हिशेब कामगारांनीच मागितला. २९ नोव्हेंबर २०१२ रोजी न्यूयॉर्कमध्ये झटपट खाण्याच्या दुकानांतले सुमारे दोनशे कामगार काम टाकून रस्त्यावर आले. मागणी होती तासाला १५ डॉलरची. कायद्याने किमान मजुरी होती सव्वासात. १ एप्रिल २०२४ पासून कॅलिफोर्नियाने मोठ्या साखळ्यांतल्या कामगारांना तासाला किमान २० डॉलर ठरवून दिले. मात्र या कायद्याच्या मूळ मसुद्यात आणखी एक कलम होतं. शाखा चालवणाऱ्या स्वतंत्र मालकाने कामगाराचे हक्क डावलले, तर मूळ कंपनीलाही जबाबदार धरण्याचं. टिक्की किती जाड आणि किती वेळ भाजायची हे ठरवून देणाऱ्या कंपन्यांना ते मान्य नव्हतं. २०२३ च्या सप्टेंबरात तडजोड झाली. २० डॉलर मिळाले, ते कलम गळलं.