एकटा मासा पाळू नका
पवना आणि नीरा नद्यांत आढळणाऱ्या एका चिमुकल्या माशाला शास्त्रीय नाव मिळायला २०१६ साल उजाडावे लागले. वन्यजीव संशोधक संजय मोलूर यांच्या सन्मानार्थ तो ‘पेथिया संजयमोलुरी’ झाला. पेथिया ही लहान बार्ब माशांची प्रजाती (जीनस). घरच्या टाकीत आपण हौसेने पाळतो ते बार्ब, झेब्रा डॅनिओ, निऑन टेट्रा यांची एक सवय त्याच्यासारखीच आहे: हे मासे थव्याने जगतात.

थवा म्हणजे संरक्षण. अनेक मासे एकदम वळले की शिकाऱ्याची नजर एकावर ठरत नाही, आणि अनेक डोळ्यांना धोका लवकर दिसतो. अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पार्श्वरेखेमुळे शेजाऱ्याच्या हालचालीने हललेले पाणी प्रत्येकाला जाणवते. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये दाखवले, की मिनो जातीच्या माशाच्या त्वचेला जखम झाली की एक रसायन पाण्यात मिसळते आणि बाकीचे मासे घाबरून पळतात. बार्ब आणि डॅनिओ त्याच मोठ्या गटातले. म्हणून टाकीत जाळी घालून मासे दमवू नयेत. एकाला लागले तर भीती साऱ्यांना होते.

एकट्या पडलेल्या माशाचा रंग उडतो, तो कोपऱ्यात लपतो, खाणे सोडतो. काही बार्ब इतरांच्या परांना चावू लागतात. तेव्हा एकाच जातीचे निदान सहा मासे ठेवा. आठ-दहा असले तर उत्तम. त्यांना पोहायला आडवी जागा लागते. उंच, अरुंद टाकीपेक्षा ६० सेंटिमीटर लांबीची, साधारण ५० लिटरची टाकी बरी.

मासे आणण्याआधी टाकी तयार हवी. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. पुढे दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला, तेही क्लोरिन काढलेले. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने जिवाणू मरतात.

लोणावळ्यासारख्या ठिकाणच्या थंडीत झेब्रा डॅनिओ सोयीचा, कारण त्याला जरा गार पाणी चालते. उन्हाळ्यात मात्र सावध राहा: २० अंश सेल्सिअसच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. पावसाळ्यात वीज गेली की फिल्टर थांबतो आणि जिवाणूंचाही ऑक्सिजन तुटतो. बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या.

आणखी एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कंटाळा आला, घर बदलले किंवा मासे फार झाले, म्हणून ते इंद्रायणीत, पवनेत किंवा ओढ्यात सोडू नका. परके मासे स्थानिकांचे अन्न आणि जागा बळकावतात, रोगही आणतात. तसेच ओढ्यातले मासे धरून टाकीत आणू नका. ज्या नदीत २०१६ मध्येही नवी जात सापडते, तिथे आणखी काय दडले आहे हे अजून कळायचे आहे. मासे नकोसे झाले तर दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडे सोपवा. टाकीतल्या थव्याची जबाबदारी घेणाऱ्याने नदीतल्या थव्याचीही घ्यावी.